श्रीगाडगेबाबा आणि रोगराईचे भय

संतांची चरित्रे आपण भक्तिभावाने वाचतो आणि ते योग्यच आहे. पण श्रीगाडगेबाबांचे चरित्र वाचताना नुसता भक्तिभाव पुरत नाही, थोडा खराट्याचाही भाव लागतो. या पुरुषाने कोणाला गुरू केले नाही, कोणाला शिष्य म्हटले नाही, आणि पायावर डोके ठेवावयास आलेल्याला काठी दाखविली. पन्नास वर्षे त्यांनी गावोगाव एकच गोष्ट लोकांच्या गळी उतरविली. ती अशी, की आपण ज्याला भितो ते बहुधा भिण्यासारखे नसते, आणि ज्यापासून खरोखर जिवाला धोका आहे ते आपण देवाचे, रूढीचे, पूर्वजांचे म्हणून डोक्यावर घेऊन नाचत असतो.

शेंडगाव हे अमरावती जिल्ह्यातले एक लहानसे खेडे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी जाणोरकर या परिटाच्या घरी बाबांचा जन्म झाला. आईचे नाव सखुबाई. मुलाचे नाव डेबूजी ठेवले. घर खाऊनपिऊन बरे होते. परंतु झिंगराजीला दारूचे व्यसन लागले, आणि ते कसे लागले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तो काही गुत्त्यावर लोळणारा उनाड माणूस नव्हता. जातीची पंगत बसली की दारू, देवाला बोकड कापला की दारू, लग्नाला दारू, बारशाला दारू आणि मयताच्या दिवसालाही दारूच! ती न पिणारा माणूस भावकीतून उठल्यासारखा दिसे. म्हणजे जी वस्तू काळीज जाळते ती देवाच्या प्रसादाच्या पानावर येऊन बसली होती. प्रसादात विष आहे असा संशय कोण घेणार? झिंगराजीची तब्येत ढासळली, शेतीवाडी गेली, आणि डेबू जेमतेम आठ वर्षांचा असताना तो वारला. मरताना त्याचे डोळे उघडले होते, पोराला या पंगतीपासून आणि बोकड मागणाऱ्या देवांपासून दूर ठेव असे त्याने सखुबाईला विनविले, असे चरित्रकार सांगतात.

विधवा सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी माहेरी आली. तेथे आजा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्या आसऱ्याने डेबू वाढला. गुरे राखली, नांगर धरला, भजनात रंगला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, कारण अंगठा उठविणाऱ्याला कागदावर काय लिहिले आहे ते कळले नाही. ही चीड बाबांच्या कीर्तनात अखेरपर्यंत होती. पोरांना शाळेत घाला, भांडी विकावी लागली तरी घाला, हे त्यांचे सांगणे या जमिनीच्या दुःखातून आलेले आहे.

१८९२ साली कुंताबाईशी लग्न झाले. पहिली मुलगी झाली, आलोका. बारशाला भावकी जमली. आता बोकड पडणार, बाटली फिरणार, अशा आशेने मंडळी मांडी ठोकून बसली. पण डेबूजीने पानावर गोड वाढले. कल्लोळ उठला. देव कोपेल, पोर जगणार नाही, भावकी वाळीत टाकील, असे काय काय लोक बोलले असतील ते आपण जाणतोच! त्या पंगतीतल्या कोणालाही दारू धोक्याची वाटत नव्हती. धोका वाटत होता तो रीत मोडण्याचा. ज्याच्या बापाचा बळी त्याच रितीने घेतला होता तो मात्र हलला नाही. मला तर वाटते, बाबांचे पहिले कीर्तन ते हेच. टाळ नाही, मृदंग नाही, नुसते पानावरचे गोड जेवण.

हे फक्त वऱ्हाडातल्या जुन्या माणसांचे वेड, असे समजून हसू नये. आमच्या भिवंडीकडे या. यंत्रमागाच्या कारखान्यात रुईचा भुगा हवेत असा तरंगत असतो की दिव्याभोवती धुके दिसावे. माग चालविणारा बारा-बारा तास तो भुगा छातीत ओढतो. सोलापूर, तेलंगण, कोकण, उत्तर प्रदेश अशा चहूकडून आलेली ही गरीब माणसे. त्यांच्यात एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे की पाळी संपल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकला म्हणजे छातीतली सारी रुई निघून जाते. गूळ घशातून पोटात जातो, रुई श्वासनळीतून फुप्फुसात जाते, आणि या दोन वाटा वेगळ्या आहेत. पण गूळ म्हणजे शुभ, गूळ म्हणजे शकुनाचा, गूळ आजीने दिलेला! त्याच्यावर विश्वास बसतो, आणि तोंडाला फडके बांधायला कोणी सांगितले तर गुदमरते म्हणून ते बाजूला पडते. धाप लागू लागली की मग नशीब. वर्षानुवर्षे कापसाची धूळ ओढल्याने होणारा हा छातीचा विकार गिरण्यांच्या देशोदेशी माहीत आहे. वीस वर्षे रोज भेटणाऱ्या धुळीला माणूस भीत नाही. तो अनोळख्याला भितो.

असो. १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे ठिगळी वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हाती काठी, आणि मातीचे एक फुटके गाडगे, जे पावसात डोक्यावर टोपी आणि भुकेच्या वेळी ताट. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबुवा, गाडगेमहाराज म्हणू लागले. बारा वर्षे ते असे हिंडले. गावात शिरले की कोणाच्या ओसरीवर जाऊन बसावे, आशीर्वाद द्यावेत, असे काही नाही. खराटा घ्यायचा आणि वेशीपासून झाडायला लागायचे. गटार तुंबलेले असले तर हाताने उपसायचे. पोरे दगड मारीत, कुत्री भुंकत. दुपारी कोणी भाकरतुकडा घातला तर खायचा, तोही काही काम केल्यावर. आणि संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागी कीर्तन.

येथे जातीचा मुद्दा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. बाबा परिटाचे. परीट म्हणजे गावाचा मळ धुणारा. बाळंतिणीचे कपडे, आजाऱ्याचे कपडे, मयताच्या घरचे कपडे त्याच्याकडे यायचे. तो ते पाण्यात बुडवी, खार लावी, दगडावर आपटी, उन्हात वाळवी, आणि स्वच्छ करून परत देई. पण आपल्या समाजाची रीत अशी, की मळ करणारा तो शुद्ध आणि मळ काढणारा तो हलका! सोवळे नेसून बसलेल्या माणसाच्या शेजारून गटार वाहत असले तरी त्याला काही वाटत नसे, मात्र धुणाऱ्याची सावली खटके. सोवळे आणि स्वच्छता या दोन गोष्टी एक नव्हेत, हे बाबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. घाटावर उभे राहूनच ते कळले. मळ पाण्याने, खाराने, उन्हाने जातो, मंत्राने जात नाही आणि स्पर्शाने वाढतही नाही, ही परिटाची विद्या. तीच त्यांनी महाराष्ट्राला दिली.

अमरावतीकडे पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. काठावर चिखल असा की म्हाताऱ्या बायकामाणसांना नदीत उतरता येत नसे. बाबांनी तेथे भर घातली, घाट बांधण्याचे काम अंगावर घेतले, स्वतः डोईवर दगडमाती वाहिली. यात्रेकरू पुण्य घेऊन जात आणि बाबा मागे राहिलेल्या पत्रावळी गोळा करीत.

आता रोगाकडे येऊ. त्या काळच्या खेड्यात पटकी आली, की कोणी तिला वाखा म्हणे, कोणी जरीमरी, पण ती आली ती देवीच्या रूपाने. मरीआई कोपली, एवढाच तिचा अर्थ. मग पोतराज अंगावर आसूड ओढी, बोकड-कोंबडी पडत, आणि मरीआईचा गाडा निघे. गावभर वाजतगाजत गाडा फिरवायचा आणि दुसऱ्या गावच्या शिवेवर नेऊन सोडायचा, म्हणजे रोग तिकडे गेला! दुसऱ्या गावाने तो तिसऱ्याच्या शिवेवर लोटायचा. गाड्याबरोबर माणसे जात, माणसांबरोबर रोग जाई, आणि लोक म्हणत की देवी खरोखरच पुढच्या गावाला गेली. पाहणे खोटे नव्हते. लावलेला अर्थ तेवढा चुकीचा होता.

अंगावर फोड उठणाऱ्या रोगाला तर आपल्या भाषेने नावच देवी दिले. घरात देवी आल्या म्हणजे पाहुणी आली. तिला औषध देणे म्हणजे तिचा अपमान. दाराला कडुनिंब, घरात फोडणी बंद, आणि पोर वाचले तर तिची कृपा. टोचणारा आला की बायका पोरांना कणगीत लपवीत. पण गंमत पहा, आपल्या लोकांनी पुढे त्या टोचण्यालाही देवी टोचणे असेच नाव दिले, आणि हळूहळू त्या नावाच्या आसऱ्याने सुई घरात शिरली. १९७५ साली भारतातला देवीचा शेवटचा रोगी आढळला आणि १९८० साली साऱ्या जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. देवीला बोकड मिळाले नाहीत, तरी ती परत आली नाही.

बाबा या समजुतींशी कसे वागले, त्यातच त्यांचे थोरपण आहे. त्यांनी देव नाही असे म्हटले नाही. ते गोपाळाचा गजर करीत, श्रोत्यांना टाळ्या पिटायला लावीत, आणि मग वऱ्हाडी बोलीत एकेका शेतकऱ्याला साधा प्रश्न टाकीत. देव बकरे खातो की त्याचे नाव सांगून आपण खातो? जी आई आहे ती आपल्याच एका लेकराचा जीव दुसऱ्यासाठी कशी मागेल? आईच्या मायेवर श्रद्धा ठेवूनच हा प्रश्न विचारलेला, म्हणून माणूस चिडत नसे. तो मान खाली घालून हसे आणि घरी जाताना विचार करी. अनेक जत्रांतला पशुवध बाबांच्या कीर्तनांमुळे थांबला. सरकारी हुकमाने जे झाले नसते ते हशाने झाले, कारण हुकूम परक्याचा असतो आणि हसू आपल्यातले.

१९२३ साली त्यांचा मुलगा गोविंद वारला. बातमी आली तेव्हा बाबा कोकणात कीर्तनात उभे होते. कीर्तन थांबले नाही.

आणि आता पंढरी. वारकरी बंधूंनो, येथे जरा मन घट्ट करून वाचा. चंद्रभागा आमची माउली. तिच्यात स्नान, तिचे तीर्थ, तिचे पाणी शिशीत भरून घरी नेणे, यात आमचे सारे सुख. पण गेल्या शतकात आषाढीला लाखो माणसे त्याच वाळवंटात राहत, तेथेच शौचाला बसत, तेथेच आंघोळ करीत, तेथेच पाणी पीत. पटकीचे जंतू रोग्याच्या मळातून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात जातात. जर्मन डॉक्टर कॉख याने १८८४ साली कलकत्त्यात हे जंतू तलावाच्या पाण्यात दाखवून दिले. यात्रेतून परतणाऱ्या दिंड्यांबरोबर पटकी गावोगाव पसरे. तरी वारकऱ्याला नदीचे भय वाटत नसे. वाटणार कसे? जी पापे धुते ती रोग कसा देईल? शिवाय वारीत मरण आले तर ते वैकुंठाचे मरण. मेलेल्याचे डोळ्यांपुढचे उदाहरणही इशारा देत नसे, उलट त्याचे भाग्य वाखाणले जाई.

हे आपल्याच लोकांचे अज्ञान, असेही नाही. १८५४ साली लंडनात पटकी आली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचे पाणी चवीला चांगले म्हणून त्याची ख्याती. ते पाणी आवडते म्हणून दूर राहावयास गेलेली एक बाई ते मुद्दाम मागवून पीत असे, आणि ती पटकीने गेली. त्या शहाण्या शहरातले वैद्यही रोग दुर्गंधीने होतो म्हणत होते. आवडीचे पाणी घातक असू शकते हे कोणालाच सुचत नाही.

बाबा दर वारीला पंढरपुरास जात. पण देवळाच्या रांगेत ते दिसत नसत. ते वाळवंटात खराटा घेऊन असत. लोकांनी केलेली घाण उचलणे, खड्ड्यात पुरणे, आंधळ्यापांगळ्यांना जेवू घालणे, हेच त्यांचे विठ्ठलदर्शन. रात्री वाळवंटात कीर्तन उभे राही आणि हजारोंचा समुदाय बसे. नदी पवित्र आहे म्हणूनच तिच्यात घाण करू नये, असा त्यांचा सरळ हिशोब. तीर्थाचा महिमा त्यांनी कमी केला नाही, तीर्थाचा मान राखणे म्हणजे काय एवढे बदलून दाखविले. पुढे वारकऱ्यांना पटकीची सुई घेण्याची सक्ती झाली. आरंभी ती चुकविण्यासाठी आडवाटा धरणारेही आमच्यातलेच. ज्याने वाळवंट झाडलेले पाहिले होते त्याला मात्र पाण्यात काही असते हे अगोदरच कळले होते.

पंढरपुरात अस्पृश्य म्हणून ज्यांना कोठेच आसरा नव्हता त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या स्वाधीन केली. देहू, आळंदी, नाशिक येथेही धर्मशाळा उभ्या राहिल्या. पण या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा मला फार मोलाची वाटते.

खेड्यातला माणूस इस्पितळाला का भितो? शिकलेले लोक म्हणतात, अडाणी आहे म्हणून. हे अर्धेच खरे. १८९७ च्या प्लेगात सोजिरांनी घरात घुसून माणसे ओढून नेली, सामान रस्त्यावर फेकले, हे लोक विसरले नव्हते. इस्पितळात गेलेला परत येत नाही, ही समजूत होती. आणि लोक अगदी शेवटच्या घटकेला तेथे नेत असल्यामुळे पुष्कळदा तो खरोखर परत येतही नसे. त्याहून मोठी अडचण अशी, की रोग्याबरोबर आलेल्या बापाने, बायकोने मुंबईत राहायचे कोठे, शिजवायचे कोठे? पदपथावर झोपायचे आणि पैसे संपले की रोग्याला उचलून परत न्यायचे. देवऋषी मात्र गावातच असतो, तो ओळखीचा असतो आणि उधारीवर अंगारा देतो. बाबांनी ही भीती ओळखली. इस्पितळ चांगले आहे असे नुसते कीर्तनात सांगून ते थांबले नाहीत. त्याच्या दाराशी आपलेसे वाटेल असे छप्पर उभे केले, जेथे चूल आहे, पाणी आहे, आपल्या बोलीचे माणूस आहे. इस्पितळ तेच राहिले, पण त्याच्याकडे जाणारी वाट ओळखीची झाली. आज दादरला टाटा रुग्णालयातल्या कर्करोग्यांसाठी बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, ती याच विचाराची.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्रीगाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. त्याच साली प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. बाबांच्या मागे त्यांच्या नावाने कामे पुष्कळ निघाली. २०००-०१ पासून महाराष्ट्र सरकारने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान चालविले, आणि कित्येक गावांनी हातात खराटे घेतले. अलीकडे पालखीच्या मुक्कामांवर फिरती शौचालये उभी राहतात. सुरुवातीला आमचेच काही वारकरी नाक मुरडीत, उघड्या माळावर जाण्यात त्यांना अधिक मोकळे आणि अधिक शुद्ध वाटे. आता रांगा लागतात.

२०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या. तेव्हा कित्येकांना वाटले की हा नास्तिकपणा आहे, विठोबाच्या वाटेवर रोग लागतो कसा. माझे मत विचाराल तर त्या दोन वर्षांत ज्यांनी घरी बसून हरिपाठ केला त्यांनी वारी चुकविली नाही. बाबा असते तर त्यांनी काय केले असते हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण गर्दीतला रोग त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला होता. आणि २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव यांच्याबरोबर आमच्या भिवंडीतही गोवर आला. तेव्हाही घराघरांत हेच ऐकू येई की गोवर सगळ्यांनाच येतो, येऊन जाऊ द्यावा, कडुनिंब ठेवावा, लसीने उगीच ताप येतो. मरीआईच्या गाड्याला आता चाके नाहीत, एवढाच काय तो फरक. ज्या घरांत टोचणारी ताई ओळखीची होती, तिची पोरेही त्याच आळीत खेळत होती, तेथे दार लवकर उघडले.

बाबांचे शरीर १९५६ साली थकले. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला पोलिसांच्या वस्तीत त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. आवाज बसला होता, पण प्रश्न तेच होते, दारूचे, कर्जाचे, बोकडाचे, शाळेचे. पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. अमरावतीस जेथे त्यांची समाधी आहे त्या भागाला आता गाडगेनगर म्हणतात. धर्मशाळा, शाळा, गोरक्षणे यांच्या व्यवस्थेत आपल्या नात्यातल्या कोणाचाही हक्क राहू नये, याची तजवीज त्यांनी आधीच करून ठेवली होती.